मुंबईत बसून घराण्याची वंशावळ शोधायची तर

आडनाव गूगलवर टाकलं की हमखास एक परिच्छेद सापडतो. आपले पूर्वज उत्तरेतून आले, अमुक राजाचे सरदार होते, तमुक लढाईत पडले, वगैरे. वाचायला बरं वाटतं, पण तो बाजूला ठेवा. वंशावळ शोधताना आडनाव हा सगळ्यात कच्चा धागा असतो. कितीतरी शेतकरी आणि कारागीर घरांत तीन-चार पिढ्यांपूर्वी आडनाव लावायची रीतच नव्हती. कागदावर ‘धोंडू बिन सखाराम’ एवढंच असायचं. मुंबईला आल्यावर गिरणीत किंवा शाळेत गाव विचारलं जायचं आणि गावाच्या नावाला ‘कर’ लागायचा. सख्ख्या भावांची दोन आडनावं झालेली घरं आहेत, आणि एकच आडनाव चार जातींत सापडतं. म्हणून शोधायचं ते गाव, वाडी, कुलदैवत आणि भावकी. हे चार हाताला लागले की आडनाव कुठून आलं ते मागाहून कळतंच.

हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांचे आजोबा-पणजोबा कोकणातून किंवा घाटावरून गिरणी, गोदी, रेल्वे, महापालिका अशा ठिकाणी कामाला आले. कोळी, भंडारी, पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन ही मुंबईचीच मूळ माणसं. त्यांचे कागद गावठाणांत, सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकांत आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत आहेत. त्यांची वाट वेगळी आहे.

आधी माळा उतरवा

कुठल्याही कचेरीत जाण्याआधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. जुनी रेशनकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले, खोलीच्या भाडेपावत्या, लग्नपत्रिका, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या, गिरणीचा पास. घरात कोणी १८ जानेवारी १९८२ च्या संपाआधी गिरणीत असेल, तर म्हाडाच्या घरासाठी जमवलेली एक फाइल असतेच. तिच्यात हजेरीपासून नावातल्या फरकाच्या प्रतिज्ञापत्रापर्यंत सगळं एका जागी मिळतं.

मनीऑर्डरच्या पावत्या फेकू नका. गावी पैसे कोणाच्या नावे जात होते, त्यावरून त्या काळी घरात कर्ता कोण होता ते कळतं. मुक्काम, पोस्ट आणि तालुकाही तिथेच लिहिलेला असतो. पुढे तहसीलदार कचेरीत पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरी फाइल बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भावकीतल्या कोणा मुलाला इंजिनीअरिंगला किंवा मेडिकलला राखीव जागेवर प्रवेश मिळाला असेल, किंवा कोणी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली असेल, तर त्या घरानं जात पडताळणी केलेली असते. त्यासाठी वंशावळीचं शपथपत्र द्यावं लागतं आणि जुने पुरावे जोडावे लागतात: अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० च्या आधीचे, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचे, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. म्हणजे तुमचं निम्मं काम एखाद्या चुलत भावानं आधीच करून ठेवलेलं असू शकतं. फोन करा, गोड बोला, झेरॉक्स मागा. मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांसाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. तेव्हापासून बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदींची स्कॅन केलेली पानं टाकली गेली आहेत, तीही चाळून बघा.

मग माणसं, आणि तीही लवकर

कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. म्हणून घरातल्या सगळ्यात वयस्क माणसापासून सुरुवात करा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, पण विचारून. ‘आपली वंशावळ सांगा’ असं म्हटलंत की आत्या गप्प होते. ‘तुमचे बाबा मुंबईत पहिल्यांदा कोणाच्या खोलीत उतरले?’ असं विचारा, मग बघा. ज्याच्या खोलीत उतरले तो मामा, मेहुणा किंवा वाडीतला कोणी असतो, आणि तिथून दुसरी एक फांदी उघडते. गावच्या घरात देव्हारा कुठे होता, शिमग्याची पालखी आधी कोणाच्या दारात जायची, वाट्याला शेत कुठलं आलं, भांडण कोणाशी होतं, हेही विचारा. पालखीच्या मानाच्या क्रमातून थोरली शाखा कोणती आणि धाकटी कोणती ते बऱ्याचदा कळतं.

साल कोणालाच आठवत नाही. त्यासाठी खुंट्या वापरा. मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये. म्हाताऱ्यांच्या तोंडी असलेली ‘मानमोडी’ म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा. ‘रामदास बुडाली तेव्हा काका शाळेत होते का?’ याचं उत्तर मिळतं, ‘काकांचा जन्म कधीचा?’ याचं मिळत नाही. दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर तिच्यावर फार विसंबू नका. मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबानं ती घातलेली असते, आणि महाराष्ट्रात एका पिढीचे अर्धे वाढदिवस त्याच दिवशी येतात.

ज्या घरांत श्राद्ध-पक्ष होतो तिथे काम आणखी सोपं. तर्पणात बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, आई-आजी-पणजीची आणि आईच्या माहेरचीही. जो काका पितृपक्ष नेमानं करतो त्याला ती पाठ असतात. बायकांची नावं मिळण्याची ही फार थोड्या जागांपैकी एक आहे, ती सोडू नका.

गावची मुंबई

कोकणातल्या आणि घाटावरच्या अनेक गावांची मुंबईत मंडळं आहेत: ग्रामस्थ मंडळ, विकास मंडळ, उत्कर्ष मंडळ, नावं काहीही. लालबाग, परळ, डिलाईल रोड, काळाचौकी, गिरगाव इथे गावची म्हणून एक खोली असायची. तिच्यात पाळीपाळीनं झोपणारे गडी, भिंतीला ओळीनं ट्रंका आणि एक वर्गणीची वही. ती वही मिळाली तर सोनं. कोण कोणत्या वाडीचा, कधीपासून वर्गणी भरू लागला, कधी थांबला, गावच्या देवळाला किती दिले, कोणाच्या मयताला मंडळानं मदत केली, सगळं तिच्यात. मंडळाच्या चिटणिसांना भेटा. वह्या बहुधा त्यांच्या घरी पलंगाखाली असतात आणि मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये त्या मागता येतात. एक सांगतो, झेरॉक्स मागण्याआधी थकलेली वर्गणी भरून टाका.

पणजोबा बीडीडी चाळीत राहिले असतील तर खोलीच्या नोंदी जपा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या या चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. पुनर्विकासासाठी भाडेकरूंना खोली पिढ्यान् पिढ्या कोणाच्या नावावर होती ते दाखवावं लागलं, त्यामुळे तिथेही एक छोटी वंशावळ तयार झालेली असते.

महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातून जन्म-मृत्यूचे उतारे मिळतात, पण एक लक्षात घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. तुमच्या आजोबांचा जन्म मुंबईत सापडत नसेल तर पणजीचं माहेर शोधा, नोंद त्या गावात असेल. सेवानिवृत्त होऊन गावी गेलेल्या माणसाचा मृत्यूही मुंबईत मिळणार नाही. आणि जनगणनेच्या घरोघरच्या याद्या आपल्याकडे संशोधनाला खुल्या नाहीत, तो नाद सोडा.

तालुक्याच्या गावी

खरं घबाड तहसीलदार कचेरीच्या अभिलेख कक्षात असतं. अर्जावर कोर्ट फीचा स्टॅम्प लावून नक्कल मागायची. मागायचे ते हे: जुने सातबारा, फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांची नोंद (गाव नमुना ६), वारसांची नोंदवही म्हणजे ६-क, आणि गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्या शेवटच्यात गावातले जन्म-मृत्यू असतात. काही जिल्ह्यांचे जुने कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, म्हणून एसटीचं तिकीट काढण्याआधी तिथे पाहा. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर गावातच मिळेल. त्यात बापाचं नाव, जात, जन्मस्थळ आणि कधीकधी ‘मुंबईस गेला’ असा शेराही असतो.

फेरफार वाचायला शिका. समजा १९३१ सालची नोंद अशी आहे:

‘खातेदार सखाराम धोंडू मयत. वारस मुलगे गणपत, विठू, व बाबल्या अज्ञान अ.पा.क. आई भागीरथी. पैकी विठू मुंबईस असतो. ए.कु.मॅ. गणपत सखाराम.’

या चार ओळींत केवढं आहे बघा. सखाराम १९३१ च्या थोडा आधी वारला. त्याच्या बापाचं नाव धोंडू. मुलगे तीन, बहुधा वयाच्या क्रमानं लिहिलेले. बाबल्या तेव्हा अज्ञान, म्हणजे कायद्यानं सज्ञान व्हायचा होता, आणि आई भागीरथी त्याची पालनकर्ती. अ.पा.क. चा अर्थ तोच. विठू १९३१ च्या आधीच मुंबईत. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पुढच्या सातबाऱ्यांवर एकट्या गणपतचं नाव दिसेल, म्हणून विठूचा वंश तुटला असं समजू नका. तशाच इतर खुणा: ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा.

या नोंदीत मुली नाहीत, पण सखारामला मुली नव्हत्या असा त्याचा अर्थ नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावं दिसू लागतात, सासरच्या नावासकट. त्याहून भरवशाचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. भावांनी बहिणींकडून सही घेतलेली असते, त्यामुळे सगळ्या बहिणी, त्यांचे नवरे आणि गावं एका स्टॅम्पपेपरवर येतात. कागद करण्यामागचा हेतू काही फार उदात्त नव्हता, पण वंशावळीला तो उपयोगी पडतो.

रत्नागिरीच्या पट्ट्यात दुसरी अडचण येते. तिथे खोती होती, जमीन खोताच्या नावावर आणि कसणारा कूळ. तुमचं घर सातबाऱ्याच्या वरच्या रकान्यात मिळालं नाही तर ‘इतर हक्क’ बघा. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, म्हणजे त्या दिवसापासून कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं, आणि नंतर त्याच कायद्याच्या ‘बत्तीस ग’ या कलमाचे निकाल झाले. त्या निकालांत कुळाचे वारस लिहिलेले असतात.

जिल्ह्यांची नावंही चकवतात. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि कुलाब्याचं रायगड झालं. सांगलीला आधी दक्षिण सातारा म्हणत. सावंतवाडी, जंजिरा, कोल्हापूर ही संस्थानं होती, त्यांची दफ्तरं ब्रिटिश मुलखापेक्षा निराळी. गाव ज्या साली ज्या अमलाखाली होतं, त्या अमलाचे कागद शोधायचे.

मोडीपाशी अडलात तर

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंतचे गावचे कागद बऱ्याचदा मोडीत असतात. मोडीत आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली अक्षरं लोंबती ठेवतात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. तरी घाबरू नका. फेरफार आणि कोतवाल बुकातली भाषा ठराविक असते. स्वतःच्या घराण्यातली वीसेक नावं आणि नेहमीचे शब्द ओळखता आले की पानावर आपलं माणूस कुठे आहे ते सापडतं. बाकी वाचन जाणकाराकडून करून घ्या. पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था मोडीचे वर्गही घेतात.

सन बदलायला विसरू नका. शके असेल तर ७८ मिळवा, फसली म्हणजे महसुली साल असेल तर ५९०. सुहूर सन बहुधा आकड्यांऐवजी अरबी शब्दांत येतो, त्यात साधारण ६०० मिळवा. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७३, म्हणजे इसवी सन १७७२-७३.

पुराभिलेखागार: सगळ्यांनी नाही

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागाराची परंपरा १८२१ च्या बॉम्बे रेकॉर्ड ऑफिसपासूनची आहे. नवखी माणसं उत्साहानं आधी तिथेच जातात आणि रिकाम्या हातानं परततात. तिथे सरकारचा कारभार आहे, घराण्यांच्या याद्या नाहीत. घरात वतन, इनाम, खोती किंवा जुना दावा होता असं ठोस कळलं असेल तरच जा. वतनाच्या भांडणात दोन्ही बाजू आपापली हकीकत लिहून देत, तिला करीना म्हणतात, आणि पंचायतीच्या निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निकाल, होई. त्यांत पाच-सहा पिढ्या सहज मिळतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आणि १९१० साली इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी सुरू केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ ही त्यासाठीची पुढची ठिकाणं. वतन म्हणजे फक्त पाटील-देशमुखांचं नव्हे. महार, गुरव यांचीही वतनं होती, आणि महार वतनं १९५८ च्या कायद्यानं खालसा होतानाचे कागद महसूल खात्यात आहेत.

कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांचे इतिहास, छापलेले असतील तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. ज्या जातींत शिक्षण आधी पोचलं त्यांचेच बहुतेक कुलवृत्तांत आहेत. तुमच्या घराण्याचा नसेल तर त्यात कमीपणा नाही, लिहायचं बाकी आहे एवढंच. आणि छापलेलं म्हणून खरं मानू नका. मूळपुरुषाचं पान वाचताना पुरावा कुठला दिलाय ते आधी बघा.

तीर्थक्षेत्रं मात्र करा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितलं की आपल्या घराण्याचे उपाध्याय कोण ते कळतं. आजोबा अस्थी घेऊन गेले असतील तर त्यांच्याच हातची नोंद आणि सही बघायला मिळते. दक्षिणा द्या, फोटोची परवानगी मागा, आणि निघण्याआधी स्वतःच्या पिढीची नोंद करून या. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी हेळव्यांची चौकशी करावी, पिढ्यांची नावं सांगणं हाच त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय.

‘एक भाऊ बोटीत बसून गेला’

काही घरांत अशी गोष्ट असते आणि पुढे काही नसतं. तो मॉरिशसला गेला असेल तर शोध लागू शकतो. १८३४ पासून पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिथल्या उसाच्या मळ्यांत नेली गेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही निघण्याची बंदरं. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ती उतरली, २००६ पासून जागतिक वारसा आहे. आगमनाची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत: प्रत्येकाला एक क्रमांक, बोटीचं नाव, वय, बापाचं नाव, जात, गाव-जिल्हा, आणि नंतरच्या काळात फोटोही. तिथे आडनाव टिकलं नाही. आलेल्या माणसाचं पहिलं नावच पुढच्या पिढीचं आडनाव झालं. त्यामुळे इथून शोधताना आडनाव देऊन उपयोग नाही. माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव द्या, स्पेलिंग तीन-चार प्रकारे करून बघा. तिकडचे मराठी लोकही इकडचं गाव शोधत येतात. त्यांना मदत करताना हीच वाट उलटी चालायची.

लिहायचं आणि जपायचं कसं

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यामुळे एका वंशावळीत पाच सखाराम निघतात. म्हणून पहिल्या दिवसापासून क्रमांक द्या. मूळपुरुष १, त्याची मुलं १.१, १.२, नातवंडं १.२.१. मुलींनाही त्याच क्रमात क्रमांक द्या. दत्तक असेल तर दोन्ही घरं लिहा. दुसरी बायको, परजातीतलं लग्न, घर सोडून गेलेला माणूस, काही गाळू नका. प्रत्येक नावापुढे पुरावा कोणता ते लिहा: कागद, कोणी सांगितलं, की नुसती आख्यायिका. आख्यायिकेचा रकाना वेगळा ठेवा आणि तो तिथेच राहू द्या.

मुंबईचा पावसाळा कागदाचा वैरी. जुन्या कागदाचं लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर अजिबात लावू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधा, हवा खेळेल अशा जागी ठेवा, भिंतीला टेकवू नका. फोटोच्या मागे बॉलपेन नको, मऊ पेन्सिल. कागद ३०० डीपीआयला आणि फोटो ६०० ला स्कॅन करा. फाइलचं नाव सालापासून सुरू करा, म्हणजे आपोआप क्रमवार लागतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर अक्षर पुसट होतं. संगणकावर वंशावळ करायची तर ग्रॅम्प्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातून जेडकॉम फाइल काढून ठेवली की पुढे दुसरीकडे नेता येते. प्रती तीन ठेवा, आणि त्यातली एक मुंबईबाहेर.

हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव भावकीच्या ग्रुपवर टाकू नका, बँकवाले तेच विचारतात. जमिनीचा दावा चालू असेल तर वंशावळ वाटण्याआधी दोन्ही बाजूंना सांगा, नाहीतर तुमचा तक्ता उद्या कोणाच्या तरी वकिलाच्या फाइलमध्ये निघेल. छापील प्रत काढाल तेव्हा प्रत्येक फांदीखाली दोन-तीन ओळी कोऱ्या ठेवा. गावच्या गणपतीत ती भिंतीवर लावा आणि शेजारी दोरीनं पेन बांधा. दुपारपर्यंत चुका दाखवणारे येतातच.